तुम्ही डावीकडे थुंकायचात

अक्षराला हसू नका. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल आली ती दूधवाल्याचे खाडे मांडण्यापुरती. वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, हे आता नीट आठवत नाही, आणि ओळ सरळ धरली तरी चढत चढत पानाच्या वरच्या कोपऱ्यात जाते. शैला लहान असताना म्हणायची, आई, तुझी ओळ घाट चढते. चुका असतील त्या पदरात घ्या आणि वाचा.

ही वही तुमचीच आहे. तोंड बंद झाल्यावर चार महिने तुम्ही हिच्यात लिहायचात आणि मी तोंडाने उत्तर द्यायचे. पाणी. पंखा. उशी वर घे. बाहेर कोण आलंय. आता उलटं झालंय. तुमच्या शेवटच्या पानानंतर एक पान कोरं सोडून मी इथून सुरुवात केली आहे. शैलाला दाखवणार नाही, कोणालाच दाखवणार नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवीन.

वहीत तरी तुम्हाला अरे-तुरे करावं असं ठरवलं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. अठ्ठावीस वर्षांची सवय हाताला पण असते.

परवा तुम्हाला महिना झाला. आल्यागेल्यांनी तुमच्याविषयी इतकं चांगलं सांगितलं की मला वाटलं, मी दुसऱ्याच कोणाच्या घरी भेटायला आले आहे. मला चांगलं आठवत नाही असं नाही. पण आधी किळस आठवते. ती मी कोणाजवळ बोलले नाही, तुमच्याजवळ तर नाहीच. ती बाहेर काढल्याशिवाय मला धड रडूही येत नाही. म्हणून ती आधी लिहिते.

गाडी आली तो दिवस आठवतो का? कल्याणच्या एका कंपाउंडरची जुनी गाडी, शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा. अण्णांच्या वाटणीची जागा नुकतीच बिल्डरने घेतली होती. आपल्या वाटणीवरून पाण्याची पाइपलाइन गेलेली, त्यामुळे आपल्याला कोणी विचारलं नाही. थोरल्या भावाने धाकट्याला अठरा हजार काढून दिले. पैसे मोजताना अण्णा दर चार नोटांनी अंगठा जिभेला लावत होते, आणि त्यांच्या तोंडात तेव्हाही गुटख्याची पुडी होती. नोटांच्या कडा लाल झाल्या. तुम्ही त्या तशाच शर्टाच्या खिशात घातल्यात. तो शर्ट मी धुतला होता.

अण्णा म्हणाले, "तिला सांग, पडू नको म्हणावं गाडीवरून."

मी तिथेच उभी होते, डोक्यावरून पदर घेऊन. तुमच्या घरची रीत. धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि ते माझ्याशी. चहात साखर किती, हे मी तुमच्या कानात विचारायचे, तुम्ही दोन हातांवर बसलेल्या अण्णांना विचारायचात, ते तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही मला. शैला हसायची. मला मात्र ते बरं वाटायचं. माझ्यासारखीला न बोलण्याची सोय झाली तर कोण नाही म्हणेल?

गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि आपण पहिल्यांदा निघालो ते कळव्याला, माझ्या माहेरी. मी एका बाजूने बसलेली, दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर आईसाठी तांदळाच्या भाकऱ्यांचं फडकं. मानपाड्याहून शीळफाट्यापर्यंत मी इतकी खूश होते की फडकं आपटत होते गुडघ्यावर. तेवढ्यात तुमची मान डावीकडे झुकली.

वारा समोरून होता. सगळं माझ्या पदरावर आलं. थोडं गालावर. गरम होतं.

तुम्हाला कळलंसुद्धा नाही. कळव्याला पोचल्यावर आईने विचारलं, "कमळे, पदराला काय लागलंय गं?" मी सांगितलं, कुंकू सांडलं. आईने जवळ घेऊन वास घेतला आणि पदर बादलीत बुडवला. वडिलांनी मिठागरात आयुष्य काढलं, त्यांच्या तोंडात कायम तंबाखू असायचा. तिला सांगायला नको होतं.

त्यानंतर मी तुमची मान वाचायला शिकले. जबडा हलायचा थांबला, कानामागची शीर ताठ झाली, मान इतकीशी डावीकडे गेली की मी पदर ओढून तुमच्या पाठीमागे लपायचे. दहा वेळेला नऊदा वाचायचे. दहाव्या वेळी साडी भिजत घालायची. एकदा मी धीर करून म्हटलं होतं, "उजवीकडे थुंकलात तर?"

तुम्ही म्हणालात, "येडी काय? उजवीकडून गाड्या येतात. लोकांच्या अंगावर जाईल."

त्या वाक्याला उत्तर होतं माझ्याकडे. शीळफाट्यापासून घरापर्यंत ते माझ्या तोंडात होतं, तुमच्या पुडीसारखं, आणि मी ते गिळलं. आता लिहिते. मी लोकांत नव्हते का हो?

हे लिहून झालं. आता दुसरंही लिहायला पाहिजे, कारण ते त्याच गाडीवरचं आहे.

छोट्या गाडीचं सुख मोठ्या गाडीवाल्यांना कळणार नाही. अण्णांच्या पोराची ती फुगलेली गाडी असते ना, तिच्यावर बसलं की फक्त गाडीचाच आवाज. आपल्या गाडीवर माणसाला माणसाचं बोलणं ऐकू यायचं. कोणाच्या दारात सुकट भाजताहेत ते नाकाला कळायचं. ओळखीचं माणूस दिसलं तर "कुठे चाललास रे?" विचारून त्याचं उत्तर येईपर्यंत आपण तिथेच असायचो. भाताच्या खाचरांमधल्या बांधावरून जायची. चिखलात रुतली तर आपण दोघं मिळून उचलून बाहेर काढायचो, आणि पेट्रोल म्हणाल तर पिल्लाला दूध लागतं तितकं.

आणि तो चढ. शीळफाट्याच्या पुढे डोंगराच्या कडेने रस्ता चढायला लागला की आपली गाडी दुसऱ्या गिअरवर धापा टाकायची. दोघं, वर भाकऱ्यांचं टोपलं. तुम्ही बाजूला घेऊन म्हणायचात, "उतर गं. घोडा थकला." मी उतरायचे. तुम्ही टोपलं घेऊन वर जायचात आणि मी मागून चालत.

माहेरच्यांना हे ऐकून माझी दया यायची. पण ती दहा मिनिटं माझी होती. लग्न झाल्यापासून मी कुठे एकटी चालले होते? विहिरीवर बायका, घरात सासू, बाजारात तुम्ही. त्या चढावर डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे खाली खाडी चमकायची, लांबवर ठाण्याच्या इमारती, आणि मला कोणी ओळखत नव्हतं. मी पदर खांद्यावर टाकून चालायचे. एकदा गाणंही म्हटलं होतं, मोठ्याने. ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा थांबले.

वर तुम्ही थांबलेले असायचात. उन्हाळ्यात तिथे बायका करवंदं घेऊन बसायच्या, तर पानाचा द्रोण तुमच्या हातात. उन्हाळा नसला तर खारे शेंगदाणे. तेवढं मात्र खरं, रिकाम्या हाताने तुम्ही कधी उभे नव्हतात.

"आलीस? मला वाटलं चालतच माहेरी गेलीस."

"गेले असते. भाकऱ्या तुमच्याकडे होत्या."

तुम्ही हसायचात आणि सगळे लाल दात दिसायचे. मग मला करवंद खाववायचं नाही. मी ते तुमच्या पाठीमागे बसून, डोळे मिटून खायचे. गोड असायचं. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. ते कसं लिहायचं मला कळत नाही, चौथीत शिकवलं नाही.

मग तुमचं तोंड मिटत आलं. तुम्ही लपवलंत. मला आधी भाकरीवरून कळलं. मी कंपन्यांच्या दोन खानावळींना रोज भाकऱ्या करून देते, भाकरी कोण कशी खातं हे मला न बघता कळतं. तुम्ही पूर्वी चतकोर एका घासात घालायचात. मग बोटाएवढा तुकडा. मग कुस्करून. मी विचारलं तर म्हणालात, दाढ दुखते. दाढ दुखते म्हणणाऱ्या तोंडात पुडी रिकामी करताना मी तुम्हाला मोरीच्या दाराआडून बघितलं आहे, गाल बोटाने ताणून. मी पुढे झाले नाही. भांडले असते तर? हा माझा हिशेब आहे, तो मी कोणावर ढकलत नाही.

ठाण्याच्या हॉस्पिटलात किरणांचे शेक द्यायचे ठरले, नंबर महिन्याने लागणार आणि मग महिना-दीड महिना रोज जायचं. रिक्षाने रोज जाणं परवडणारं नव्हतं. अण्णांच्या पोराने तपासण्यांना दोन दिवस नेलं, तिसऱ्या दिवशी "काकी, माझी परीक्षा आहे," म्हणाला. तुमची मान तर नीट वळत नव्हती. त्या दिवशी तुम्ही ह्या वहीत लिहिलंत, 'तू चालव.'

मी म्हटलं, "कोण? मी?"

तुम्ही लिहिलंत, 'नाय. शेजारीण.'

ते पान मी आत्ता उघडून बघितलं. त्याच्यावर तुमच्या तोंडातलं ओघळलेलं वाळलंय. पान पिवळं पडलंय, कडक झालंय. बोट लावलं नाही.

शुक्रवारी कंपन्यांना सुट्टी, रस्ते रिकामे. शैलाचा जुना पंजाबी ड्रेस घालून मी सेहेचाळिसाव्या वर्षी गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसले. लाजेने माझे कान तापले होते. तुम्ही मागे. बोलता येत नव्हतं म्हणून तुम्ही माझ्या खांद्यावर बोटाने शिकवलंत. एकदा ठोकलं की ब्रेक. दोनदा ठोकलं की गिअर टाक. चिमटा काढला की हॉर्न. आणि तळहात पाठीवर पसरून ठेवला की काही करू नकोस, जाऊ दे.

पहिल्या दिवशी मी नाल्याच्या कठड्याला धडकवली. नाल्याला त्या दिवशी कंपन्यांचं गुलाबी पाणी होतं आणि कुजक्या अंड्यांचा वास. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन खुर्ची घेऊन तमाशा बघायला बसला.

"काका, कशाला बाईच्या हातात देता? गाडी पण जाईल, बाई पण जाईल."

तुम्ही खाली उतरलात, खिशातून ही वही काढलीत, लिहिलंत आणि त्याच्या तोंडासमोर धरलीत. 'तुला शिकवू का?'

तो खुर्ची घेऊन आत गेला. तुम्हाला हसताना गाल दुखला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी पण हसले. त्या रस्त्यावर आपण दोघं असे हसत उभे होतो की कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ह्यांचं आत्ताच लग्न झालंय.

तिसऱ्या शुक्रवारी गाडी माझ्या हाताला लागली. दोन ठोके पडायच्या आत मी तिसरा गिअर टाकला होता. तो पडतो तेव्हा गाडी एकदम हलकी होते, घशात अडकलेलं खाली उतरावं तशी. वारा ओढणीत भरला. मी ओरडले असते पण लाज वाटली. तेवढ्यात तुमचा तळहात पाठीवर आला. जाऊ दे. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही माझी पाठ अशी कधी थोपटली नव्हतीत. त्या क्षणी तुम्ही आयुष्यभर जे जे थुंकलात ते मी माफ केलं. घरी जाऊन उशीचा अभ्रा बघितला आणि ती माफी परत घेतली.

शैलाच्या नवऱ्याने कच्चं लायसन काढून दिलं आणि मी तुम्हाला ठाण्याला न्यायला लागले. पहाटे भाकऱ्या, मग खानावळी, मग तुम्ही. पहिल्याच दिवशी तो चढ आला. मी घाबरले होते. तुम्हाला कसं उतरवू, कसे चालाल? मी दुसरा गिअर टाकला, गाडी चढायला लागली, पहिला टाकू म्हणून वाट बघत राहिले, आणि गाडी चढतच राहिली. दोघांना घेऊन. न थांबता. वर पोचले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मान वळवून म्हटलं, "बघा, घोडा थकला नाही!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग मला कळलं, का चढली ते.

माझ्या मागे एका टोपल्याएवढंच वजन उरलं होतं.

आता ते लिहिते जे लिहायला मी चार दिवस टाळलं. शेकाने तुमच्या गालाला भोक पडलं. त्यातून ओघळ यायचा, धाग्यासारखा, माझ्या खांद्यावर. त्याला वास होता. फडताळात मेलेला उंदीर सापडत नाही आणि घरभर वास येतो, तसा. मी खांद्यावर टॉवेल घालायचे, दोन घड्या, तरी तो आत झिरपायचा. ब्रेक लावला की तुमचं तोंड माझ्या मानेला टेकायचं. मी श्वास धरायचे. सिग्नल लाल असेपर्यंत धरायचे. हॉस्पिटलात तुम्हाला आत नेलं की बायकांच्या मोरीत जाऊन उलटी करायचे, तोंड धुवायचे, आणि बाकावर येऊन बसायचे. बाजूच्या बायका म्हणायच्या, किती करते हो नवऱ्याचं. मला त्यांच्या त्या बोलण्याचीही किळस यायची.

एक दिवस टॉवेल घालताना माझा चेहरा तुम्ही गाडीच्या आरशात बघितलात. मी तो आवरला नव्हता. तुम्ही वहीत काही लिहिलं नाहीत. पण त्या दिवसापासून तुम्ही मान उजवीकडे वळवून बसायला लागलात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मान वळवू नका. वळवताना तुमचा हात माझ्या खांद्यावर कापायचा. ठाण्यापासून मानपाड्यापर्यंत तुम्ही तसेच बसायचात, तोंड रस्त्याकडे, आणि ओघळ उजवीकडे रस्त्यावर पडायचा. लोकांच्या बाजूला.

मी 'राहू द्या' म्हणाले नाही. म्हणायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं होतं म्हणून म्हणाले नाही.

तुमचं शेवटचं पान आहे, 'चेनला तेल घाल.' दुसऱ्या दिवशी दुपारी, मी पेज गाळत असताना, तुम्ही गेलात.

स्मशानात तुमचे मित्र आले होते. तुम्ही कशाने गेलात ते सगळ्यांना ठाऊक. चिता पेटली आणि भिंतीकडे रांग लागली. शैलाच्या नवऱ्याने घरी येऊन सांगितलं, मामी, भिंत लाल झाली. तेराव्यापर्यंत आपल्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी बसायचं, "काय माणूस गेला!" म्हणायचं, आणि उठताना माझ्या तुळशीच्या बाजूला पिचकारी टाकून जायचं. मी बादली घेऊन धुवायचे. सुतकात घर धुणारी बाई म्हणून आळीतल्या बायका नावं ठेवून गेल्या. ठेवू देत.

दहाव्याला तळ्यावर कावळा शिवेना. पिंड ठेवून अर्धा तास झाला. भटजींनी विचारलं, काही इच्छा राहिली का? अण्णा पुढे झाले. "बाबा, तुझ्या बायकोचं बघू आम्ही." कावळा झाडावर. "शैलाला माहेर राहील." कावळा झाडावर. मग अण्णांनी काय केलं माहीत आहे? खिशातून पुडी काढली, फाडली आणि पिंडाच्या बाजूला ठेवली. "घे. तुझी आवडती."

मी बायकांत लांब उभी होते. ज्याने तुम्हाला खाल्लं तेच तुमच्या पानात वाढलं. भटजींनी आकाशाकडे बघितलं.

पुडीलाही कावळा आला नाही. मग अण्णा म्हणाले, "गाडीची काळजी करू नको. गाडी आपला पोरगा चालवील." आणि त्याच वेळी कावळा उतरला. भाताचं शीत उचललं आणि गेला.

"बघितलंत?" अण्णा सगळ्यांकडे वळले. "गाडीत जीव होता त्याचा. गाडी पोराला द्या, हेच सांगून गेला."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्यासाठी हे फार वाईट झालं. माणूस बोलला असता तर दुसऱ्या माणसाने त्याला खोटं पाडलं असतं. कावळ्याला कोण खोटं पाडणार? पण मी तुम्हाला विचारते, तो तुम्ही होतात का? त्या पानात माझ्या हातची भाकरी होती. तिला चोच लागली नाही. अठ्ठावीस वर्षं तुम्ही ताटात हात घातलात तो आधी भाकरीला. तुम्ही नव्हतात. त्याला भूक लागली होती.

तेराव्यानंतर अण्णा दारात आले, थोरल्या जाऊबाईंना घेऊन. मी पदर घेऊन भिंतीला उभी राहिले.

"तिला सांग, चावी दे म्हणावं."

जाऊबाई म्हणाल्या, "कमल, चावी दे गो. कशाला हवी तुला गाडी?"

मी जाऊबाईंच्या कानात सांगितलं, खानावळीच्या भाकऱ्या त्याच गाडीवरून जातात. त्यांनी अण्णांना सांगितलं.

"डोक्यावरून न्यायला काय झालं? आमची आई न्यायची मासळी, कल्याणपर्यंत. आणि तिला सांग, ती गाडी माझ्या पैशाची हाय. अठरा हजार. त्याने एक रुपया परत दिला नाय. मी कधी मागितले नाय, भाऊ होता म्हणून. आता पैसे तरी दे, नायतर गाडी तरी दे."

हे मात्र खरं होतं. तुम्ही दिले नव्हतेत. दर दिवाळीला म्हणायचात, ह्या वर्षी अण्णांचे देऊन टाकू, आणि दर दिवाळीला दुसरं काही निघायचं. तुमच्या पुड्यांचे पैसे मी कधी मोजले नाहीत, आणि आता मोजणार नाही.

"तिला सांग, महिना झाला की पोरगा येईल न्यायला," म्हणून अण्णा गेले. जाताना तुळशीजवळ थुंकले.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी भांडत होते. तुम्ही असतात तर माझं म्हणणं तुमच्या तोंडून अण्णांपर्यंत गेलं असतं. आता माझं तोंड कोण? जाऊबाई अर्धं सांगतात, अर्धं गिळतात. आणि मला तर घाम फुटतो, पोस्टमनशी बोलायचं तरी. मनात आलं, देऊन टाकावी चावी. टोपलं डोक्यावर घ्यावं. मग मी ही वही उघडली. चेनला तेल घाल. ज्याची गाडी असते त्यालाच माणूस तेल घालायला सांगतो ना? पोराला सांगायचं असतं तर पोराला सांगितलं असतंत. तो बाहेर ओट्यावरच बसलेला होता तेव्हा, मोबाइल बघत.

तांदळाच्या डब्यात भाकऱ्यांचे पैसे होते, तुमच्या ऑपरेशनसाठी बाजूला टाकलेले. डॉक्टर म्हणाले होते, आता उपयोग नाही, आणि ते तसेच राहिले. मला त्या पैशांना हात लावायचीही भीती वाटायची, जणू अजून गरज लागेल. काल ते काढले. पंधरा हजार निघाले. दोन्ही खानावळीवाल्यांनी पुढच्या महिन्याचे आधी दिले. ते मागताना मी काय बोलले मला आठवत नाही, पण त्यांनी दिले.

आज सकाळी चेन पुसली, तेल घातलं, आणि गाडी घेऊन अण्णांच्या बिल्डिंगमध्ये गेले. चावी मुठीत धरून जिना चढले. जाऊबाईंनी दार उघडलं, गाडीचा आवाज ऐकून खिडकीत आल्या होत्या. अण्णा झोपाळ्यावर, पायाशी थुंकायचा डबा.

"तिला विचार, चावी आणली का?"

मी पैशांचं फडकं त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं आणि गाठ सोडली. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभरच्या. नोटांना पिठाचा वास होता. अण्णा बघत राहिले.

"हे कसले गो?" जाऊबाईंनी विचारलं, आणि मग त्यांनाच कळलं. "चहा ठेवते," म्हणून त्या आत गेल्या.

आता मध्ये कोणीच नव्हतं. तुम्ही नाही, त्या नाहीत. अण्णांनी गठ्ठा उचलला. जबडा हलायचा थांबला. कानामागची शीर. मला वाचता येतं ते, तुम्ही शिकवलंत. अंगठा तोंडाकडे निघाला.

"थुंकी लावू नका."

आवाज माझाच होता. बारीक, पण होता. अण्णांचा अंगठा ओठाशी थांबला. माझ्या डोक्यावर पदर होता की नव्हता आठवत नाही, मी ओढणी घालून गेले होते. मी पुढे म्हटलं, "घामाचे आहेत. कोरड्या हाताने मोजा."

आतलं भांडं वाजायचं थांबलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सरळ. मग अंगठ्याकडे बघितलं. लुंगीला पुसला, दोनदा, आणि मोजायला लागले. नोटा चिकटत होत्या, वेळ लागत होता. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून. मी बसले नाही. चहा आला, गार झाला. माझ्या पाठीवर, मधोमध, तळहाताएवढी जागा सारखी जाणवत होती.

शेवटची दहाची नोट ठेवून अण्णा म्हणाले, "अठरा. झाले सगळे."

जाऊबाई दारातच होत्या. पण हे अण्णांनी मला सांगितलं.